दीर्घिकांची दीप्ती: कोणत्या नमुन्याला कोणती पद्धत

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली अशा जिल्ह्यांत, तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन एमएससी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दुर्बीण नाही, महागडं यंत्र नाही, लाइनचा भरवसा नाही, आणि तरीही प्रकल्प खऱ्या संशोधनाचा करायचा आहे, अशांना मी दीर्घिकांच्या दीप्तीच्या, म्हणजे त्यांच्या मूळ तेजाच्या, वितरणाचा विषय आवर्जून सुचवतो. मोठ्या आकाश-सर्वेक्षणांची माहिती जगातल्या कोणालाही फुकट मिळते. वीस हजार दीर्घिकांची, मोजक्या रकान्यांची फाइल जेमतेम दोन-तीन एमबीची होते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते. गणित साध्या लॅपटॉपवर चालतं.

बहुतेक जण अडतात ते पद्धतीपाशी. पुस्तकं चार-पाच नावं देतात, प्रत्येकाची सूत्रं देतात, पण आपल्या हातातल्या माहितीला यातलं काय लागू पडेल हे सांगत नाहीत. माझं म्हणणं असं, की निवड सूत्रांकडे बघून होतच नाही. आपला नमुना कसा गोळा झाला याकडे बघून ती होते. म्हणून खालच्या पायऱ्यांत नमुन्यावर जास्त वेळ घालवला आहे.

मूळ अडचण समजायला आपलं वावर पुरेसं आहे. रात्री जागलीला गेलात, की माळ्यावर बसून चहूकडचे दिवे मोजा. जिनिंगवरचा मोठा दिवा किंवा बसस्टँडचा हायमास्ट आठ-दहा किलोमीटरवरूनही दिसतो. तांड्यावरच्या घरापुढचा बारका बल्ब मात्र दोन-चार धुरे पलीकडे असला तरच दिसतो. दिसले तेवढे दिवे मोजून कोणी म्हणालं, की या तालुक्यात हायमास्ट फार आणि बल्ब थोडे, तर त्याचा हिशेब उलटा झाला. दीर्घिकांचंही हेच होतं. एका ठरावीक प्रतीपर्यंतच (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितकी वस्तू मंद) दिसणाऱ्या नमुन्यात तेजस्वी दीर्घिका दूरदूरच्या प्रदेशातून येतात आणि मंद दीर्घिका फक्त जवळपासच्या. स्वीडनचे गुन्नार माल्मक्विस्ट यांनी ताऱ्यांच्या बाबतीत १९२० च्या दशकात हा कल मांडला आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पुढच्या सगळ्या पद्धती या एकाच कलाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

पहिली पायरी: काय काढायचं ते ठरवा

दीप्ती फलन, म्हणजे ज्याला सगळे ल्युमिनॉसिटी फंक्शनच म्हणतात, ते सांगतं, की एका घन मेगापार्सेकात अमुक तेजाच्या दीर्घिका सरासरी किती असतात. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. पॉल शेक्टर यांनी १९७६ साली या वितरणासाठी जे सूत्र मांडलं ते आजही सगळीकडे वापरतात. त्यात तीन आकडे आहेत. एल-स्टार म्हणजे वळणाची जागा: याहून तेजस्वी दीर्घिकांची संख्या घातांकी वेगानं कोसळते. अल्फा म्हणजे मंद टोकाचा उतार. फाय-स्टार म्हणजे घनतेचं प्रमाण ठरवणारा आकडा.

अंदाज यावा म्हणून खरे आकडे घेऊ. मायकेल ब्लँटन आणि सहकाऱ्यांनी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या मोठ्या आकाश-सर्वेक्षणावरून २००३ साली लाल पट्ट्यासाठी (म्हणजे लाल गाळणीतून येणाऱ्या प्रकाशासाठी) काढलेले आकडे असे: एम-स्टार, म्हणजे एल-स्टारची निरपेक्ष प्रत (सगळ्यांना एकाच ठरावीक अंतरावर धरून येणारी प्रत), उणे २०.४४, अल्फा उणे १.०५, फाय-स्टार दर घन मेगापार्सेकाला ०.०१४९. हे आकडे हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, १०० धरून आहेत. तोच ७० धरला, तर एम-स्टार उणे २१.२१ होतो आणि फाय-स्टार ०.००५१ च्या आसपास येतो. सूर्याच्या तुलनेत ही दीप्ती दोन हजार कोटी पटींच्या वर जाते. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपलं उत्तर पाऊण प्रतीनं चुकलं म्हणून ते प्रोग्रॅम तपासत बसतात, आणि फरक असतो फक्त हबल स्थिरांकाचा.

पट्टाही बघावा लागतो. टू-डीएफ सर्वेक्षणावरून २००२ साली निळ्या पट्ट्यात आलेला अल्फा उणे १.२१ होता. निळ्या प्रकाशात तरुण ताऱ्यांच्या लहान दीर्घिका जास्त उठून दिसतात, त्यामुळे मंद टोकाचा चढ वाढतो. तुमचं उत्तर ज्याच्याशी ताडायचं ते त्याच पट्ट्यातलं असू द्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच वहीत लिहा. अल्फा उणे १ किंवा त्याहून खाली असेल, तर शेक्टरच्या सूत्रातून दीर्घिकांची एकूण संख्या अनंत येते. एकूण प्रकाश मात्र अल्फा उणे २ च्या वर असेपर्यंत मर्यादित राहतो. म्हणून ‘एकूण दीर्घिका किती’ या प्रश्नाला खालची हद्द सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

मग स्वतःला विचारा: मला फक्त वक्राचा आकार हवा आहे, की घनताही? शेक्टरचा आकार मान्य करून तीन आकडे काढायचे आहेत, की तो आकार बसतो का हेच तपासायचं आहे? की दीप्ती काळाबरोबर बदलली का हे बघायचं आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी आली, तर पद्धतीही वेगळ्या लागतात.

दुसरी पायरी: नमुना कसा जमला ते लिहून काढा

एक कोरं पान घ्या. स्लोनचा मुख्य दीर्घिका-नमुना वापरणार असाल, तर त्यावर पुढच्या गोष्टी याव्यात.

मंद हद्द: लाल पट्ट्यात पेट्रोसियन प्रत (दीर्घिकेचा पसरलेला प्रकाश ठरावीक रीतीनं मोजून काढलेली प्रत) १७.७७, तीही आपल्या आकाशगंगेच्या धुळीमुळे झालेलं शोषण वजा केल्यावर. ही दुरुस्ती न करता हद्द लावली, तर जिथे धूळ जास्त तिथल्या दीर्घिका विनाकारण गळतात.

तेजस्वी हद्द: तीही असते, आणि बरेच जण ती विसरतात. फार जवळच्या, मोठ्या दीर्घिकांचे संगणकानं तुकडे केलेले असतात, म्हणून १४.५ च्या अलीकडच्या सहसा सोडून देतात. म्हणजे प्रत्येक दीर्घिकेला दूरची हद्द आहे तशी जवळचीही.

आकाशाचं क्षेत्रफळ: संपूर्ण आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं आहे. तुम्ही त्यातला किती भाग घेतला? घनता काढायची असेल, तर हा आकडा चुकून चालणार नाही.

कोण सुटलं: स्लोनच्या एका प्लेटवर दीर्घिकांचा प्रकाश वर्णपटमापीकडे नेणारे दोन फायबर ५५ सेकंद कोनापेक्षा जवळ लावता येत नव्हते. त्यामुळे दाट समूहांतल्या काही दीर्घिकांचा वर्णपट घेतलाच गेला नाही. लक्ष्यांपैकी सुमारे सहा टक्के अशा राहिल्या. शिवाय अंधुक पसरलेल्या, कमी पृष्ठतेजाच्या दीर्घिका मुळात यादीतच येत नाहीत. त्यांना कोणतीही संख्याशास्त्रीय पद्धत परत आणू शकत नाही, आणि मंद टोकाबद्दल काहीही ठाम लिहिण्याआधी हे लक्षात असलं पाहिजे.

रेडशिफ्टच्या हद्दी: अगदी जवळच्या दीर्घिकांचं अंतर रेडशिफ्टवरून (दूर जाण्यामुळे प्रकाश लाल टोकाकडे किती सरकला, त्या आकड्यावरून) नीट कळत नाही, कारण त्यांची स्वतःची गती त्यात मिसळलेली असते. रेडशिफ्ट ०.००३ असलेल्या दीर्घिकेचा वेग सेकंदाला साधारण ९०० किलोमीटर. तिची स्वतःची गती ३०० असली, तर अंतर एक तृतीयांशानं चुकतं आणि निरपेक्ष प्रत ०.६ नं. रेडशिफ्ट ०.०२ वर हीच चूक ०.१ प्रतीपर्यंत उतरते. पहिल्या प्रकल्पासाठी ०.०२ ते ०.१ हा पट्टा मला योग्य वाटतो.

पण त्याचीही किंमत आहे. उणे १७ निरपेक्ष प्रतीची दीर्घिका १७.७७ च्या हद्दीत साधारण ९० मेगापार्सेकपर्यंतच दिसते, म्हणजे (हबल स्थिरांक ७० धरून) रेडशिफ्ट ०.०२१ च्या आतच. खालची हद्द ०.०२ ठेवली, की अशा दीर्घिकांना राहायला अगदी पातळ थर उरतो. या नमुन्यातून उणे १८ च्या पलीकडचं बोलायचं नाही, असं आधीच ठरवून टाका. त्याहून मंद दीर्घिकाच हव्या असतील, तर नमुनाच वेगळा निवडावा लागेल.

तिसरी पायरी: प्रत, अंतर आणि घनफळ

दृश्य प्रतीतून अंतर-मापांक आणि के-दुरुस्ती वजा केली, की निरपेक्ष प्रत मिळते. अंतर-मापांक म्हणजे मेगापार्सेकमधल्या अंतराच्या लॉगची पाचपट अधिक २५. के-दुरुस्ती लागते, कारण रेडशिफ्टमुळे पट्ट्यात येणारा प्रकाश मुळात वेगळ्या तरंगलांबीचा असतो. लाल पट्ट्यात रेडशिफ्ट ०.१ वर, लालसर दीर्घिकांसाठी ती सुमारे एक दशांश प्रत असते, निळ्या पट्ट्यात बरीच जास्त. ब्लँटन यांचंच ‘के-करेक्ट’ हे पॅकेज फुकट मिळतं. ते बसवणं जमलं नाही, तर पहिल्या फेरीत सगळ्यांना एकच साधी दुरुस्ती लावा आणि तसं स्पष्ट लिहा.

तेजासाठी दीप्ती-अंतर (प्रकाश किती मंदावला यावरून येणारं) वापरायचं आणि घनफळासाठी सहगामी अंतर (विश्वाचं प्रसरण बाजूला ठेवून मोजलेलं). रेडशिफ्ट ०.१ वर पहिलं सुमारे ४६० मेगापार्सेक, दुसरं सुमारे ४१८. घनफळात चुकून दीप्ती-अंतर घातलं, तर उत्तर तेहतीस टक्क्यांनी फुगतं. पायथनमधल्या ॲस्ट्रोपायमध्ये दोन्हीसाठी तयार फंक्शन आहेत.

लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून माहिती रेडशिफ्टच्या लहान लहान तुकड्यांत मागवा, प्रत्येक तुकडा वेगळा साठवा, आणि प्रत-अंतराचा हिशेब एकदाच करून त्याची फाइल ठेवा.

चौथी पायरी: पद्धतींची ओळख

सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत वन-बाय-व्ही-मॅक्स. मार्टेन श्मिट यांनी १९६८ साली क्वेसार या अतिदूर, अतितेजस्वी वस्तूंसाठी व्ही-मॅक्सची कल्पना वापरली. दीर्घिकांसाठी ती फेल्टन यांनी १९७६ मध्ये पारखली. प्रत्येक दीर्घिका जास्तीत जास्त किती घनफळात असती तरी आपल्या नमुन्यात आली असती, ते, म्हणजे व्ही-मॅक्स, काढायचं, आणि तिला त्या घनफळाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं. उणे २०.५ ची दीर्घिका साधारण ४५० मेगापार्सेकपर्यंत दिसते, उणे १७ ची ९० पर्यंत. अंतरात पाच पट फरक, म्हणजे घनफळात सुमारे १२६ पट. नमुन्यात सापडलेली एक मंद दीर्घिका हिशेबात १२६ तेजस्वी दीर्घिकांइतकी जड होते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे नमुना-सर्वेक्षणाच्या पेपरातलं हॉर्विट्झ-थॉम्पसन आकलन लगेच ओळखू येईल: निवडीच्या संभाव्यतेनं भागायचं, बस.

या पद्धतीत घनता आपोआप मिळते, आकार गृहीत धरावा लागत नाही, प्रोग्रॅम वीस ओळींत होतो. पण दीर्घिका अवकाशात सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत असं ती मानते, आणि तसं मुळीच नाही. माळ्याच्या शेजारीच तांडा असेल, तर बारके बल्ब प्रमाणाबाहेर मोजले जातील आणि वजन लावल्यावर ती चूक आणखी फुगेल. आपल्यासाठी तो तांडा म्हणजे सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवरचा कन्या समूह आणि त्याच्या आसपासची गर्दी. मंद दीर्घिका जवळच्याच मोजता येतात, जवळ गर्दी आहे, म्हणून अल्फा खोटाच तीव्र येतो. उलट जवळ पोकळी असेल, तर मंद टोक खोटंच सपाट होतं.

हे तपासायला व्ही भागिले व्ही-मॅक्सची सरासरी काढा; इथे व्ही म्हणजे दीर्घिका प्रत्यक्ष जिथे आहे तिथपर्यंतचं घनफळ. नमुना पूर्ण असेल आणि पसरण सारखी असेल, तर ती ०.५ येते, तिची प्रमाण त्रुटी म्हणजे १ भागिले बारा-गुणिले-संख्येचं वर्गमूळ. तीन हजार दीर्घिकांना ती ०.००५३ होते. सरासरी ०.४७ आली, तर एक तर जवळ गर्दी आहे, किंवा हद्दीपाशी दीर्घिका गळत आहेत. हा आकडा पाच मिनिटांत निघतो. तो न काढता पुढे जाऊ नका.

दुसरी पद्धत सँडेज, टॅमन आणि याहिल यांची, १९७९ सालची. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एसटीवाय म्हणतात. यात प्रत्येक दीर्घिकेला प्रश्न विचारला जातो: तू या अंतरावर आहेस हे मान्य; मग या अंतरावर दिसू शकणाऱ्या सगळ्या तेजांपैकी नेमकं तुझंच तेज असण्याची संभाव्यता किती? सगळ्या संभाव्यतांचा गुणाकार ज्या एम-स्टार आणि अल्फाला सर्वांत मोठा होतो, ते उत्तर. अंतर आधीच दिलेलं असल्यामुळे त्या जागी दीर्घिका दाट की विरळ हा प्रश्न भागाकारात निघून जातो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते: ज्या गोष्टीनं पहिली पद्धत मोडली, तिला ही पद्धत प्रश्नातूनच वगळते. वीस हजार दीर्घिका आणि दोन आकड्यांची जाळी घेतली, तरी पायथनच्या नमपायमध्ये हे काम थोड्याच वेळात होतं.

तिच्या दोन मर्यादा आहेत. घनता भागाकारात गेली, म्हणजे फाय-स्टार मिळतच नाही. तो वेगळा काढावा लागतो. आणि वक्राचा आकार तुम्ही आधीच ठरवलेला असतो. खरं वितरण शेक्टरसारखं नसेल, तरी एसटीवाय निमूटपणे सगळ्यात जवळचा शेक्टर देईल, आणि तो चांगला बसला की वाईट हे सांगणार नाही. शिवाय एम-स्टार आणि अल्फाच्या त्रुटी एकमेकींत गुंतलेल्या असतात. दोघांच्या वेगवेगळ्या त्रुटी न देता विश्वास-लंबवर्तुळ काढून दाखवा.

तिसरी, एफस्टाथिऊ, एलिस आणि पीटरसन यांची १९८८ सालची टप्प्याटप्प्याची महत्तम संभाव्यता, म्हणजे एसडब्ल्यूएमएल. प्रश्न एसटीवायचाच, पण शेक्टरच्या जागी वक्र पायऱ्यांचा: पाव ते अर्ध्या प्रतीच्या रुंदीचे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याची उंची मोकळी सोडायची. उत्तर आवर्तनांनी निघतं; सुरुवातीचा अंदाज म्हणून वन-बाय-व्ही-मॅक्सचेच आकडे घाला. उंचींचं फक्त गुणोत्तर ठरतं, म्हणून एक बंधन लावावं लागतं, नाहीतर आकडे भरकटतात. गर्दीचा त्रास नाही, आकाराचं गृहीतक नाही, आणि एसटीवायचा शेक्टर यावर ठेवून संभाव्यता-गुणोत्तरानं तो बसतो का ते तपासता येतं. टप्पे फार बारीक केले, तर टोकाच्या टप्प्यांत दोन-तीन दीर्घिका उरतात आणि वक्र दातेरी होतो. फार रुंद केले, तर वळण पुसलं जातं. दोन रुंदींनी काढून बघा.

चौथी सी-मायनस, डोनाल्ड लिंडेन-बेल यांची १९७१ सालची. दीर्घिका तेजस्वीपासून मंदाकडे रांगेत लावा. प्रत्येकीसाठी मोजा, की तिच्याहून तेजस्वी आणि ती जिथवर दिसू शकते त्या अंतराच्या आतल्या दीर्घिका किती. ती स्वतः यात धरायची नाही. ही संख्या सी असेल, तर एकत्रित वितरण त्या जागी सी-अधिक-१ भागिले सी इतक्या पटीनं वाढतं. टप्पे नाहीत, आकार नाही. जीवितकाल-विश्लेषणात कॅपलान-मायर आकलन शिकला असाल, तर हे छाटलेल्या नमुन्यासाठीचं त्याचंच भावंड आहे. लहान नमुन्याला ही पद्धत मला सर्वांत आवडते. मात्र सी शून्य झाला, की गाडी अडते, आणि तसं रांगेच्या तेजस्वी टोकाला होतं. तिथे सुरुवात थोडी पुढून करावी लागते. दुसरं म्हणजे, हद्द काटेकोर असायला हवी. हद्दीपाशी दीर्घिका हळूहळू गळत असतील, तर आधी हद्द आणखी अलीकडे ओढा.

पाचवी पायरी: आता निवड

एसटीवाय, एसडब्ल्यूएमएल आणि सी-मायनस या तिन्हींत एक गृहीतक सामाईक आहे: दीप्ती आणि जागा एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. जवळच्या दीर्घिकांचं वितरण दूरच्यांसारखंच असायला हवं. एफ्रॉन आणि पेट्रोसियन यांनी १९९२ साली छाटलेल्या माहितीसाठी या स्वातंत्र्याची कसोटी दिली आहे. दोन राशींचा संबंध क्रमांवरून मोजणाऱ्या केंडॉलच्या टाऊचं ते सुधारलेलं रूप आहे. ०.०२ ते ०.१ च्या पट्ट्यात हे गृहीतक बहुधा चालून जातं. रेडशिफ्ट ०.५ किंवा १ पर्यंत जाणार असाल, तर चालत नाही, कारण तेवढ्या काळात दीर्घिकांची दीप्ती बदलते. अशा वेळी रेडशिफ्टचे पट्टे पाडून प्रत्येकात वेगळं काढा, किंवा काळाबरोबरचा बदलही सूत्रात घाला. तिथे वन-बाय-व्ही-मॅक्स वापरायचीच असेल, तर पेज आणि कॅरेरा यांची २००० सालची सुधारणा घ्या. हद्दीला चिकटलेल्या टप्प्यांत जुनी पद्धत जी चूक करते ती त्यात निघते.

पहिल्या प्रकल्पासाठी माझा सल्ला सरळ आहे. स्लोनसारखा मोठा, एकाच हद्दीचा नमुना असेल, तर एसडब्ल्यूएमएल आणि एसटीवाय जोडीनं करा, आणि वन-बाय-व्ही-मॅक्स शेजारी काढा. शेवटची उत्तरासाठी नको, फरक दिसावा म्हणून हवी. तिन्ही वक्र एकमेकांवर बसले, तर नमुना निर्मळ आहे. व्ही-मॅक्सचा वक्र मंद टोकाला वर गेला आणि बाकीचे दोन गेले नाहीत, तर जवळच्या गर्दीचा पुरावा तुमच्या हाती आला, आणि प्रकल्पातलं सर्वांत वाचनीय पान तेच होईल.

दीर्घिका दोन-तीनशेच असतील, तर टप्प्यांच्या भानगडीत पडू नका. सी-मायनस आणि एसटीवाय पुरे. एकाच समूहाचा अभ्यास असेल, तर सगळ्या दीर्घिका जवळजवळ एकाच अंतरावर असल्यामुळे व्ही-मॅक्सची गरजच नाही. तिथला खरा प्रश्न पुढे-मागे दिसणाऱ्या परक्या दीर्घिका वजा करण्याचा आहे. रेडशिफ्ट वर्णपटातून न येता रंगांवरून अंदाजलेला असेल, तर जवळच्या दीर्घिकांचं अंतरच इतकं अनिश्चित असतं, की वरच्या चारही पद्धती जशाच्या तशा लावणं धोक्याचं. तिथे मापनाची त्रुटी सूत्रातच धरणारी बायेसियन पद्धत लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

सहावी पायरी: खोटा नमुना, खऱ्याच्या आधी

खरी माहिती प्रोग्रॅमला दाखवण्याआधी स्वतः एक नमुना तयार करा. एम-स्टार उणे २०.४४, अल्फा उणे १.०५, तेजाची खालची हद्द उणे १५ असं ठरवा आणि शेक्टरच्या वितरणातून यादृच्छिक तेजं काढा. ती घनफळात सारखी पसरवा, १७.७७ ची हद्द लावून बाकीच्या फेकून द्या, आणि चारही पद्धती चालवा. घातलेले आकडे परत आले पाहिजेत. आले नाहीत, तर दोष प्रोग्रॅमात आहे हे निर्विवाद, कारण खरं उत्तर तुम्हीच ठरवलेलं होतं.

मग दुसरा नमुना करा आणि ६० मेगापार्सेकच्या आत मुद्दाम तिप्पट दीर्घिका ठेवा. या परीक्षेपुरती रेडशिफ्टची खालची हद्द काढून टाका, नाहीतर ही गर्दी नमुन्यात येणारच नाही. वन-बाय-व्ही-मॅक्सचं मंद टोक तुमच्या डोळ्यांदेखत वर चढेल, एसटीवाय जागचा हलणार नाही. पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते या एका आलेखानं कळतं. विल्मर यांनी १९९७ मध्ये आणि ताकेउची व सहकाऱ्यांनी २००० मध्ये पद्धतींची तुलना अशाच कृत्रिम नमुन्यांवर केली.

घनता आणि त्रुटी

फाय-स्टारसाठी डेव्हिस आणि हुक्रा यांची १९८२ सालची पद्धत वापरा. मिळालेल्या आकारावरून, प्रत्येक अंतरावर दीर्घिकांचा कितवा हिस्सा दिसायला हवा ते काढायचं, त्यानं भागून सरासरी घनता मिळवायची. आकाशाचं क्षेत्रफळ आणि सुटलेल्या दीर्घिकांचा हिशेब इथे थेट लागतो.

त्रुटींमध्ये संख्येचं वर्गमूळ ही फक्त सुरुवात. आकाशाचे दहा-वीस सारखे तुकडे करा, दर वेळी एक वगळून सगळं पुन्हा काढा. या जॅकनाइफमधून येणारी त्रुटी वर्गमूळापेक्षा बहुधा मोठी येते, कारण दीर्घिका झुंडीनं राहतात. तेजस्वी टोकाला आणखी एक कल असतो, एडिंग्टन यांनी १९१३ साली सांगितलेला: तिथे वक्र इतका उभा कोसळतो, की मोजमापाच्या लहानशा चुकीनंही मंद दीर्घिका मोठ्या संख्येनं तेजस्वी टप्प्यात शिरतात आणि उलट फार थोड्या जातात. प्रत मोजण्यातली त्रुटी खोट्या नमुन्यात घालून हा परिणाम किती मोठा आहे ते बघता येतं.

अडलात, तर विचारायला जागा आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-संशोधन केंद्राचा कॉलेज आणि विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी असोसिएट कार्यक्रम आहे. तुमच्या विद्यापीठाच्या विभागात कोणी सर किंवा मॅडम त्यात आहेत का, ते विचारा.

प्रबंधात प्रत्येक वक्राखाली पुढच्या गोष्टी लिहा: पट्टा, हबल स्थिरांक, प्रतीच्या दोन्ही हद्दी, रेडशिफ्टच्या दोन्ही हद्दी, क्षेत्रफळ, के-दुरुस्ती कशी केली, टप्प्याची रुंदी, दीर्घिकांची संख्या, आणि व्ही भागिले व्ही-मॅक्सची सरासरी तिच्या त्रुटीसह. वक्र उणे १८ पाशी थांबवा. त्यापुढे शेक्टरची रेघ ओढायचीच असेल, तर ती तुटक ओढा.